ट्रान्स्काय : मते जनतेची, बहुमत प्रमुखांचे

निवडणूक झाली म्हणजे लोकांचे राज्य आले, असे आपण सहज समजतो. ट्रान्स्कायचा इतिहास आपल्याला सावध करतो.

वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने १९६३ मध्ये खोसा लोकांच्या या प्रदेशाला ‘स्वशासन’ दिले. विधानसभेच्या १०९ जागांपैकी लोकांनी निवडायच्या जागा फक्त ४५. उरलेले ६४ सदस्य पदसिद्ध पारंपरिक प्रमुख. त्यांची मान्यता आणि पगार गोऱ्या सरकारच्या हातात. त्यातच १९६० पासून आणीबाणीचे नियम. परवानगीशिवाय सभाही घेता येत नव्हती.

तरीही लोकांनी मतपेटीतून उत्तर दिले. निवडून आलेले बहुतेक सदस्य व्हिक्टर पोटो यांच्या बाजूचे होते. पोटो स्वतः प्रमुख असूनही वंशावर आधारलेल्या वेगळ्या राज्याच्या विरोधात होते. पण मुख्यमंत्री झाले सरकारधार्जिणे कैसर मातान्झिमा, ५४ विरुद्ध ४९ मतांनी. जनतेचा कौल प्रमुखांच्या मतांनी फिरवला.

१९७६ मध्ये ट्रान्स्कायला ‘स्वातंत्र्य’ देऊन, बाहेरच्या शहरांत राबणाऱ्या खोसांसह लाखोंचे दक्षिण आफ्रिकेचे नागरिकत्व काढून घेतले. जगाने ते स्वातंत्र्य मानले नाही.

म्हणून कुणी ‘तुम्हाला प्रतिनिधित्व दिले’ म्हणाले, की आपण विचारलेच पाहिजे: त्या प्रतिनिधीला पदावरून हटवण्याचा अधिकार कुणाकडे आहे?