मांडीतली दोरी गुडघ्यात

बोनस घेऊन मागे वळताना तिच्या गुडघ्यात 'कट्' असा आवाज झाला. कुणी पकडलं नव्हतं, कुणी ढकललं नव्हतं. पाय रोवलेला आणि अंग वळलेलं, एवढंच. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी टीमची ही मुख्य रेडर. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. 'मुरगळलाय, होईल बरा' म्हणत दोन आठवडे लेप आणि गरम पट्टा झाला. सूज उतरली, पण चालताना गुडघा मध्येच निसटायला लागला. मग एमआरआय, आणि त्यात तीन अक्षरं: एसीएल.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्याच्या आत बांधून ठेवणारा हा एक पट्टा. तो पूर्ण तुटला की सहसा आपला आपण जुळत नाही. डॉक्टर म्हणाले, "तुझ्याच मांडीच्या मागच्या दोन दोऱ्या काढायच्या, दुहेरी करायच्या आणि गुडघ्यात बसवायच्या."

तिची आई पटकन म्हणाली, "अहो, म्हणजे एक नीट करायला दुसरं मोडायचं?"

आम्ही हसलो. पण त्या खोलीतला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता, असं मला आता वाटतं.

दुसऱ्याचं का नाही घ्यायचं? दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या सैनिकांना दुसऱ्यांची कातडी लावून बघितली, तर ती थोड्याच दिवसांत गळून पडायची. ब्रिटनमधल्या पीटर मेडावर यांनी यामागचं कारण शोधलं: शरीराची संरक्षण यंत्रणा परक्याला ओळखते आणि हाकलते. याच वाटेवरच्या पुढच्या कामासाठी त्यांना १९६० चं नोबेल मिळालं. स्वतःचं ऊतक मात्र शरीराला परकं वाटत नाही. म्हणून ही देवाणघेवाण घरातल्या घरात. भाजलेल्या हातावर मांडीची कातडी, हृदयाच्या बायपाससाठी पायातली शीर (तीही उलटी करून लावतात, कारण शिरेत एकाच दिशेने रक्त सोडणाऱ्या झडपा असतात), आणि हो, टकलावर डोक्याच्या मागचे केस. ते केस पुढे लावले तरी आपला मूळचा स्वभाव सोडत नाहीत, म्हणून टिकतात.

पण आपलं आहे म्हणून ते नव्या जागी आपोआप जगतं, असं नाही. खरा प्रश्न एकच. तिथे त्याला रक्त कुठून मिळणार?

या प्रश्नाचं एक झकास उत्तर आपल्या पुण्याजवळ सापडलं होतं. हंगामात आपल्याकडे रस्त्याने उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते ना, तसाच एक बैल हाकणारा माणूस या गोष्टीचा नायक आहे. कावसजी त्याचं नाव. नाव पारशी वाटतं, पण त्या वेळच्या वृत्तांतात तो मराठा शेतकरी असल्याचं लिहिलंय. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. १७९२ च्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. 'नाक कापलं' हे आपण अपमान झाला की म्हणतो. याचं खरोखर कापलं होतं, आणि वर्षभराहून जास्त काळ तो तसाच वावरला.

मग वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. ही शस्त्रक्रिया कशी होते, ते मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिलं. आधी मेणाचं पातळ नाक करायचं. ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. सगळी नाही! दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. मग ती कातडी फिरवून खाली नाकाच्या जागी बसवायची. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. हो, पानातला कात. चार दिवस हलवायचं नाही, मग तुपात भिजवलेलं कापड. भुवयांमधली ती पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापायची.

सगळी अक्कल त्या पट्टीत आहे. खालून नवं रक्त सुरू होईपर्यंत नाकाला कपाळाकडून रक्त मिळत राहतं. ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला हीच शस्त्रक्रिया केली. कपाळाची कातडी नाकाला लावण्याची पद्धत आजही वापरात आहे. त्या वृत्तांतात कावसजीचं नाव आहे, दोन्ही डॉक्टरांची आहेत. ज्याने नाक बसवलं त्याचं नाही. याचा मला राग येतो.

आज रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली केसासारख्या धाग्याने शिवता येतात, त्यामुळे जोडपट्टीची गरज नेहमी लागत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढावा लागला, तर पायातलं बारीक हाड, फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट काढून त्याचा जबडा घडवतात. त्या हाडाचा मोठा भाग काढला तरी माणूस चालू शकतो. कट्ट्यावर मावा मळणाऱ्या मित्रांना हे सांगितलं, तर म्हणाले, "भारी आहे की!" यावर काय बोलणार?

आमच्या रेडरच्या गुडघ्यातल्या दोरीला मात्र ना पट्टी, ना शिवलेली रक्तवाहिनी. ती मांडीतून सुटते तेव्हा तिचा रक्तपुरवठा तुटतो. गुडघ्यात गेल्यावर तिच्या पेशी बऱ्याच अंशी मरतात आणि उरतो तो सांगाडा. मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि त्या दोरीचा पुन्हा पट्टा बनतो. हे महिन्यांचं काम आहे. पंचाईत अशी, की दुखणं आणि सूज त्याच्या कितीतरी आधी जातात. खेळाडूला वाटतं आपण ठणठणीत, आणि आत दोरी अजून कच्चीच. म्हणून किमान नऊ महिने मैदान नाही, आणि त्यानंतरही पायाची ताकद तपासूनच.

आईच्या प्रश्नाचं उत्तरही डॉक्टरांनी सरळ दिलं होतं. हो, मांडी थोडी देते. गुडघा पूर्ण मागे दुमडताना जोर काहीसा कमी पडू शकतो. व्यायामाने बरंचसं भरून निघतं.

आता पाचवा महिना चालू आहे. ती जिना धावत चढते. संध्याकाळी प्रॅक्टिसला येते, रेषेबाहेर बसून गुण लिहिते आणि आमच्या रेडवर ओरडते. मध्ये एकदा कोच वळलेले बघून चप्पल काढून आत शिरली होती, तर सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढली. घरी गेली की आई रोज विचारते, "आलं का गं तिकडं रक्त?"

गुणांच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने नऊ रेघा मारल्यात. पाच खोडायच्या बाकी आहेत.