कडक तळाचं गुपित

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, कुठल्याही स्टेशनबाहेर 'अस्सल कोल्हापुरी'चा ढीग दिसतो. त्यातल्या बऱ्याच चपलांचा तळ बोटांनी सहज दुमडतो. खऱ्या नव्या कोल्हापुरीचा तळ असा दुमडत नाही. हा कडकपणा कुठून येतो ते पाहून या, असं संपादकांनी सांगितलं म्हणून कोल्हापूर गाठलं. शाहू महाराजांचा आश्रय, 2019 सालचं भौगोलिक मानांकन, त्यातले महाराष्ट्र-कर्नाटकातले आठ जिल्हे, हा इतिहास आधीच वाचला होता. माझा वेळ गेला तो कातडं कमावणाऱ्या एका कारागिराच्या अंगणात.

म्हशीचं कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरतं, मग रापीने केस निघतात. पुढची रीत मला विलक्षण वाटली. धुतलेल्या कातड्याचीच पिशवी शिवायची, लाकडी चौकटीला टांगायची, आत बाभळीची कुटलेली साल आणि हिरडा भरायचा आणि त्याचाच काढा ओतायचा. काढा आपल्या भाराने कातड्यातून झिरपतो. खाली ठिबकलेला पुन्हा वर ओततात. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगतात, म्हणजे दोन्ही टोकं सारखी कमावली जातात. यंत्र कुठेच नाही. कडेचा बारीक काप काढून कारागीर फक्त रंग बघतो. तपकिरी रंग मधोमध पोचला नसेल तर पिशवी पुन्हा चौकटीवर चढते.

तळ कापल्यावर चर्मकार कातडं ओलं करून ठोकतो. तंतू एकमेकांत घट्ट बसतात. मध्ययुगीन युरोपात याच जातीचं, सालीत कमावलेलं कातडं गरम पाण्यात बुडवून आकसवत आणि त्याची चिलखतं करत. वाळलं की ते लाकडासारखं टणक होई. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कातडं एका दिवसात कमावून होतं, पण ते मऊच राहतं.

चपलेचं कौतुक होतं, कमावणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते. पिढ्यानपिढ्या हे काम ढोर समाजाने केलं आणि त्याबद्दल अस्पृश्यता भोगली. बाराव्या शतकातले शरण कक्कय्या त्यांचे संत; त्यांच्या नावाचा रस्ता धारावीत आजही आहे. वांद्र्याचा कत्तलखाना 1971 मध्ये देवनारला गेला आणि धारावीतलं कमावणंही हळूहळू आटलं. कोल्हापूरकडे अडचणी वेगळ्या आहेत. 2015 च्या गोवंश हत्याबंदीत म्हैस येत नाही, तरी भीतीमुळे म्हशीच्या कातड्याची ने-आणही अवघड झाली. चुन्याच्या आणि सालीच्या पाण्यात हात घालून आठवडे घालवायचे, वास अंगाला चिकटतो, मोबदला तुटपुंजा. मुलं या कामात राहत नाहीत. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर कोल्हापुरीसारख्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता आणल्या. आरडाओरड झाल्यावर श्रेय दिलं. त्या वादातही पिशवी टांगणारा कुणाला आठवला नाही.

पुढच्या वेळी कोल्हापुरी घेताना तळाची न रंगवलेली कड बघा. मध्ये निळसर करडी रेघ दिसली तर ते क्रोमचं कातडं. आरपार तपकिरी असेल, तर घासाघीस न करता मागितलेली किंमत द्या आणि कातडं कुणी कमावलं, तेही दुकानदाराला विचारा.