उथळ पाण्याचा दाब

बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेनजवळ, ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज समुद्रतळाशी पडून आहे. जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते जायबंदी झालं, ओढत आणून किनाऱ्याला लावलं गेलं आणि १९६३ च्या आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात घसरून पाण्यात गेलं. किनाऱ्यापासून पोहत जाण्याच्या अंतरावर असलेल्या या सांगाड्याचा वरचा भाग सुमारे ५ मीटरवर आहे, खालचा ३० मीटरच्या आसपास. नवशिक्या स्कूबा डायव्हर्सनी वरच्या भागातच राहावं, यामागे सरळ हिशोब आहे. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे १० मीटरवर टाकीतली हवा पृष्ठभागाच्या दुप्पट वेगाने संपते, ३० मीटरवर चौपट. उथळात रक्तात नायट्रोजनही कमी मुरतो.

मग उथळ म्हणजे निर्धोक? इथे जाणकार आक्षेप घेतील, आणि तो रास्तच आहे. ३० वरून २० मीटरवर येताना फुप्फुसातली हवा एक तृतीयांशाने फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना मात्र थेट दुप्पट होते. म्हणजे श्वास रोखून वर येणं सर्वांत घातक ते शेवटच्या टप्प्यातच. पण या धोक्यावर इलाज हाताशी असतो: श्वास चालू ठेवायचा, सावकाश वर यायचं. हवा संपत आल्यावर खोलवरून वर पोहोचण्याचा प्रश्न इतका सोपा नसतो. (जहाजाच्या पोटात शिरणं वेगळंच प्रकरण. तिथे डोक्यावर छत असतं, सरळ वर येता येत नाही. ५ मीटरवरही नाही.)