फुली आणि गोल

सातारा-सांगलीकडे खुडूक कोंबडीखाली अंडी बसवण्याची रीत जुनीच. आता काही घरांत मुलं हेच काम छोट्या इन्क्युबेटरमध्ये करतात.

दुकानातली अंडी चालत नाहीत. लेअर पोल्ट्रीत कोंबडा नसतो, म्हणून ती फलित नसतात. कोंबड्यासोबत फिरणाऱ्या गावठी कोंबडीचीच घ्यावीत.

तापमान ३७.५ अंश, मुदत २१ दिवस. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसरीकडे गोल काढून मुलं ते दिवसातून तीनदा उलटतात, नाहीतर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर धरलं की लाल शिरांचं जाळं दिसतं, त्यातला काळा ठिपका चक्क हलतो!

अठराव्या दिवसापासून उलटणं बंद, ओलावा जास्त. माणदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात इन्क्युबेटरमधली पाण्याची वाटी सतत बघावी. कवच फोडायला हात लावू नये. पिल्लाला बाहेर यायला कधी अख्खा दिवस लागतो.