दवाखान्यातला राखीव डॉक्टर

कोल्हापुरात टेंबलाईवाडी परिसरात मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ क्रमांकाची प्रादेशिक सेनेची (टेरिटोरियल आर्मी, टीए) बटालियन आहे. पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळायचा, वर्षातले काही आठवडे वर्दी घालायची आणि बोलावणे आले की निघायचे, या तत्त्वावर १९४९ पासून ही सेना उभी आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने तिच्या ३२ पायदळ बटालियनपैकी १४ बोलावण्याची मुभा लष्करप्रमुखांना दिली, तेव्हा टीए ही नुसती हौस नाही हे साऱ्या देशाला दिसले. पण शाहूपुरीतल्या एखाद्या फॅमिली डॉक्टरला याच पद्धतीने, डॉक्टर म्हणूनच, देशाच्या कामी यायचे असेल तर? परीक्षा देऊन तो टीएचा अधिकारी होऊ शकतो, मात्र ती वाट मुख्यतः पायदळाकडे जाते. सरकारी वैद्यकीय कर्मचाऱ्यांमधून उभारलेल्या टीए रुग्णालयांतही खासगी दवाखाना चालवणाऱ्याला सहज जागा नाही. माझ्या मते ही उणीव भरून काढायला हवी, आणि त्याचे कारण युद्धाच्या इतिहासातच आहे.

लष्करी वैद्यक म्हटले की डोळ्यांपुढे शस्त्रक्रियेचा तंबू येतो. पण १९४३ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवरून जखमी म्हणून मागे न्यावा लागलेल्या दर एका सैनिकामागे १२० जण आजारी म्हणून न्यावे लागत, असे तिथले ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी नोंदवले आहे. मलेरिया, आमांश, त्वचारोग हे खरे शत्रू होते. स्लिम यांनी मलेरियाचे उपचार आघाडीजवळ आणले, मलेरिया टाळणारी मेपाक्रिनची गोळी प्रत्येकाने रोज गिळली की नाही याची अचानक तपासणी सुरू केली आणि ढिलाई दिसली तिथे पलटणींचे कमांडिंग ऑफिसर बदलले. ताप लवकर ओळखणे, गोळी चुकू न देणे, कुणाला वरच्या रुग्णालयात पाठवायचे आणि कुणाला इथेच बरे करायचे हे ठरवणे, ही सगळी कामे फॅमिली डॉक्टर रोज करतो. शांततेच्या काळातल्या आपत्तीतही हीच गरज पडते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूरची पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतही पाणी शिरले. अशा वेळी बोटीतून बाहेर काढलेल्या म्हाताऱ्या माणसाची रक्तदाबाची गोळी घरातच राहून गेलेली असते. त्याला सर्जनची नव्हे, फॅमिली डॉक्टरचीच गरज असते.

लष्कराकडे स्वतःचे डॉक्टर आहेतच, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय (एएफएमसी) आणि आर्मी मेडिकल कोअर नेहमीची गरज भागवतात. राखीव दल असते ते गरज एकाएकी वाढली तर. असा डॉक्टर वयाने मोठा असेल, हा आक्षेपही मला फारसा पटत नाही, कारण या डॉक्टरला खंदकात नव्हे, प्रशिक्षण केंद्रात, मदत छावणीत आणि सैनिकांच्या कुटुंबांसाठी काम करायचे आहे.

तिसरा आक्षेप मात्र जड आहे: मागे राहिलेल्या रुग्णांचे काय? इंग्रजी अमलात इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कित्येक अधिकारी जिल्ह्यांत सिव्हिल सर्जन म्हणून काम करत, आणि युद्ध आले की तेच राखीव साठा ठरत. १९१४ नंतर त्यांना बोलावले गेले तेव्हा झळ नागरी रुग्णालयांना बसली. शिवाय १९४८ चा प्रादेशिक सेना कायदा नोकरदाराला परत नोकरीवर घेण्याची हमी देतो, पण खासगी डॉक्टरचा मालक तोच. दोन महिने दार बंद राहिले तर भाडे आणि कंपाउंडरचा पगार चालूच राहतो आणि पेशंट दुसरीकडे वळतात. ब्रिटनमध्ये स्वतःचा व्यवसाय असलेल्या राखीव सैनिकालाही बोलावणे आल्यास आर्थिक भरपाईची तरतूद आहे. आपल्याकडे तेवढ्याने भागणार नाही, कारण बुडालेली कमाई भरून निघाली तरी पेशंटला डॉक्टर मिळत नाही. म्हणून भरती एकेका डॉक्टरची न करता एकमेकांचे पेशंट पाहू शकणाऱ्या तीन-चार दवाखान्यांच्या गटाची करावी. एका वेळी त्यांतला एकच जाईल, बाकीचे त्याचा दवाखाना चालवतील आणि बदली डॉक्टरचे मानधन सरकार देईल. कोल्हापूरच्या गटाचे प्रशिक्षण हिवाळ्यात ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी गाठते तेव्हा हे डॉक्टर गावातच लागतात.