बाहेरचं लागलंय?

कॉलेजात जाणारा पोरगा खोलीबाहेर पडेना, एकटाच पुटपुटतो, आईनं दिलेला चहा विष असेल म्हणून मोरीत ओततो. आमच्या कोल्हापूरकडं निदान ठरलेलं: "बाहेरचं लागलंय, वाडीला न्या." नरसोबाच्या वाडीला खुशाल जावं, मनाला आधार मिळतो. पण हा स्किझोफ्रेनिया असू शकतो, आणि त्याची पाळंमुळं मेंदूतच असतात.

शरीराला जन्मतःच मिळालेली प्रतिकारयंत्रणा जंतूंशी लढते, तशी मेंदूतही राबते. वाढीच्या वयात मेंदू पेशींमधल्या नको असलेल्या जोडण्या काढतो. याच यंत्रणेतलं सी-४ नावाचं प्रथिन जोडणीवर खूण करतं आणि मायक्रोग्लिया या पेशी ती गिळतात. तासगावकडचे बागायतदार द्राक्षाची छाटणी करतात, तसंच हे. हात जड पडला की चांगली काडीही जाते. २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी सुमारे ६५ हजार लोकांची जनुकं तपासली. जनुकाच्या ज्या प्रकारांमुळं मेंदूत सी-४ जास्त तयार होतं, ते असलेल्यांना स्किझोफ्रेनियाचा धोका जास्त आढळला. आजार बहुधा सतरा-अठरा ते पंचविशीत डोकं वर काढतो, ते वयही याच छाटणीला लागून येतं. अर्थात हा अनेक कारणांपैकी एक धागा. जुळ्या, हुबेहूब भावंडांत एकाला आजार असूनही दुसरा धडधाकट राहिल्याची उदाहरणं भरपूर आहेत. तेव्हा घराण्याला दोष देऊन स्थळं मोडू नका.

"म्हणजे इम्युनिटी कमी पडली, काढा द्या!" कोरोनापासून हे फारच झालंय. इथं यंत्रणा दुबळी नाही, नको तिथं जास्त राबल्याचा संशय आहे. काढ्यानं ती आवरत नाही. बरं, मग यंत्रणेला आवरणारं, सूज उतरवणारं औषध? ब्रिटनमध्ये मिनोसायक्लिन वर्षभर देऊन पाहिलं; २०१८ साली निकाल आला, फायदा दिसला नाही.

गोळ्यांबद्दलही एक घोळ आहे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णाला क्लोझापिन देतात, तेव्हा सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासतात. घरच्यांना वाटतं, डॉक्टर लॅबचं बिल वाढवतायत. खरं कारण असं, की क्वचित या औषधानं न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिल्यांदा धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी, एकदम घटतात. ताप आला, घसा धरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्ततपासणी चुकवू नका आणि बरं वाटलं म्हणून गोळी परस्पर बंद करू नका.

कुठं विचारावं कळत नसेल तर १४४१६ फिरवा. टेलिमानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.