उशिरा बहर, मोठी सरासरी

2018 च्या ऑक्टोबरमध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात दोन कसोटी खेळायला आला होता. राजकोटच्या पहिल्या कसोटीत विरारच्या पृथ्वी शॉने पदार्पणातच 134 धावा ठोकल्या. वय अवघे 18. आठवडाभराने हैदराबादच्या दुसऱ्या कसोटीत पालघरच्या शार्दूल ठाकूरला कसोटीची टोपी मिळाली. चारच दिवसांनी तो 27 वर्षांचा होणार होता. त्याने दहा चेंडू टाकले आणि जांघेचा स्नायू दुखावल्याने तो मैदानाबाहेर गेला. पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावरचे हे दोन खेळाडू. त्या आठवड्यात वसई-विरारच्या कुठल्याही कट्ट्यावर ‘पुढे कोण टिकेल’ असे विचारले असते, तर उत्तराला दोन सेकंदही लागले नसते.

पुढे घडले भलतेच. शॉच्या कसोटींचा आकडा पाचावर अडला. पाचवी कसोटी 2020 च्या डिसेंबरमधली, अॅडलेडची. त्यानंतर महिनाभरातच, 2021 च्या जानेवारीत, शार्दूल ब्रिस्बेनला आपली दुसरी कसोटी खेळला आणि सात बळी व पहिल्या डावात 67 धावा करून गेला. त्याच वर्षी ओव्हलच्या कसोटीत दोन्ही डावांत अर्धशतके, त्यातले पहिले 31 चेंडूंत. 2022 च्या जानेवारीत जोहान्सबर्गला एका डावात 61 धावांत सात बळी. रणजी पदार्पण 2012 चे. पण प्रथम श्रेणीतले पहिले शतक त्याने 2024 च्या मार्चमध्ये, 32 व्या वर्षी, तमिळनाडूविरुद्धच्या उपांत्य सामन्यात झळकावले.

अशा गोष्टींचा निकाल आपण शिस्त, स्वभाव, नशीब या तीन शब्दांत लावून मोकळे होतो. क्रीडाविज्ञान मात्र आधी आकडे तपासते. लवकर चमकलेल्याच्या आकड्यावर किती विसंबावे? आणि उशिरा आलेल्यांच्या सरासऱ्या एवढ्या देखण्या का दिसतात?

118.50 आणि 17

शॉच्या कसोटी कारकिर्दीचा हिशेब पाच मिनिटांत होतो. वेस्ट इंडीजविरुद्ध 134, 70 आणि नाबाद 33. धावा 237, बाद दोनदा, सरासरी 118.50. नंतरचे सहा डाव न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातले: 16, 14, 54, 14, 0 आणि 4. धावा 102, सरासरी 17. सगळे मिळून 339 धावा, सरासरी 42.37. भारतीय सलामीवीराला ही सरासरी मुळीच लाजिरवाणी नाही. धक्का बसतो तो 118.50 ला खरे मानून बसल्यामुळे.

संख्याशास्त्रात याला मध्याकडे परतणे म्हणतात. थोड्या डावांतल्या टोकाच्या आकड्यात कौशल्य असते, तसाच योगायोगाचाही वाटा असतो. डाव वाढतात तसा योगायोग विरतो आणि आकडा खाली येतो. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये बेसबॉलच्या 18 खेळाडूंवर याचा सुंदर प्रयोग मांडला. 1970 च्या हंगामात प्रत्येकाच्या पहिल्या 45 संधींतले यश घेतले आणि उरलेल्या हंगामाचा अंदाज बांधताना प्रत्येकाचा आकडा गटाच्या सरासरीकडे ओढून घेतला. अठरा जणांची मिळून चूक साध्या सरासरीवर विसंबण्यापेक्षा कितीतरी कमी निघाली. यादीत सर्वांत वर रॉबेर्तो क्लेमेंटे होता, 45 पैकी 18, म्हणजे 0.400. उरलेल्या हंगामात तो 0.346 वर आला. मात्र सूत्राने त्याला याहूनही बरेच खाली खेचले होते. गटासाठी बरोबर ठरलेली पद्धत खऱ्या असामान्य खेळाडूला कमी लेखते, हे त्या प्रयोगातच दिसते.

शॉच्या बाबतीत योगायोगाखेरीज आणखी एक गोष्ट घडली. गोलंदाज शिकले. बॅट आणि पॅडमधली फट हेरून अॅडलेडला सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर मिचेल स्टार्कने त्याचा त्रिफळा उडवला. लवकर आलेल्या खेळाडूचे शिकणे असे उघड्यावर, आकडेवारीत नोंद होत चालते.

सरासरी कुठून कुठपर्यंतची?

उशिरा आलेल्यांचे नेमके याच्या उलट असते. विरार फास्टचा वेग फक्त बोरिवली ते अंधेरी मोजला, तर गाडी भन्नाट ठरेल. विरार ते बोरिवली ती प्रत्येक स्टेशनावर थांबत आली, हे हिशेबात येतच नाही. उशिरा पदार्पण करणाऱ्याची चाचपडण्याची वर्षे अशीच मोजमापाबाहेर राहतात. ऑस्ट्रेलियाचा मायकेल हसी 2005 मध्ये 30 व्या वर्षी पहिली कसोटी खेळला तेव्हा प्रथम श्रेणीत त्याच्या 15,313 धावा जमा होत्या. त्याची कसोटी सरासरी 51.52 आहे. त्याचाच देशबंधू अॅडम व्होजेस 35 व्या वर्षी आला, 20 कसोटी खेळला आणि 61.87 ची सरासरी ठेवून गेला.

आता तीन आकडे शेजारी ठेवू. सचिन तेंडुलकर 53.78, विनोद कांबळी 54.20, व्होजेस 61.87. क्रमवारी लावायची तर सचिन तिसरा! कांबळीने पहिल्या सात कसोटींत चार शतके केली, त्यातली दोन द्विशतके. पण त्याची सतरावी आणि शेवटची कसोटी झाली तेव्हा तो 23 वर्षांचा होता. व्होजेसचे मोजमाप 35 व्या वर्षी सुरू झाले आणि दीड वर्षात संपले. सचिन 16 ते 40 असा सगळा पल्ला, 200 कसोटी, सगळ्या चढउतारांसह खेळला. म्हणून सरासरीबरोबर ती कोणत्या वयापासून कोणत्या वयापर्यंतची, हे विचारल्याशिवाय तुलना करू नये.

आइस हॉकीत हे आणखी ठळक दिसते, कारण उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) दर सामन्यामागे किती गुण हा कारकिर्दीचा एक महत्त्वाचा मापदंड असतो. स्वतः केलेला गोल एक गुण, गोलला केलेले साहाय्य एक गुण. वेन ग्रेट्झ्कीने एडमंटनकडून 696 सामन्यांत 1,669 गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे 2.40. तो संघ सोडला तेव्हा तो 27 वर्षांचा होता. 38 व्या वर्षी निवृत्त होताना संपूर्ण कारकिर्दीचा दर 1.92 वर आला होता. उतारावरची वर्षेही त्याने खेळून काढली. माइक बॉसी पाठीच्या दुखण्याने तिशीतच थांबला, त्याचा 1.50 चा दर फारसा उतारावर आलाच नाही. शिवाय काळही बघावा लागतो. 1981-82 च्या हंगामात दोन्ही संघांचे मिळून सामन्यामागे सरासरी आठ गोल होत. 2003-04 मध्ये पाचाच्या आसपास.

त्या कमी गोलांच्या काळात मार्टिन सेंट लुई वर आला. उंची पाच फूट आठ इंच, त्या खेळात ठेंगणीच. एनएचएलच्या वार्षिक खेळाडू-निवडीत त्याचे नाव कुणीही पुकारले नव्हते. विद्यापीठाकडून खेळला, दुय्यम लीगमध्ये खेळला. कॅल्गरीने घेतले आणि दोन वर्षांत सोडूनही दिले. टॅम्पा बेकडून 2003-04 मध्ये तो 94 गुणांसह लीगमध्ये पहिला आला, 28 व्या वर्षी. 2013 मध्ये पुन्हा पहिला, तेव्हा वय 37. कारकिर्दीचा दर 1,134 सामन्यांत 1,033 गुण, म्हणजे 0.91. ग्रेट्झ्कीच्या निम्म्याहून कमी. पण हा दर मिळवण्याची संधीच त्याच्या वयाच्या बहुतेक गुणवंतांना त्याच्या आधी काही वर्षे मिळालेली होती.

आपल्याकडचा सूर्यकुमार यादव याच जातीचा. 2010 मध्ये मुंबईकडून रणजी पदार्पण, भारताकडून पहिला सामना 2021 च्या मार्चमध्ये, तिशी ओलांडल्यावर. ट्वेंटी-20 आंतरराष्ट्रीय सामन्यात वाट्याला आलेला पहिलाच चेंडू, तोही जोफ्रा आर्चरचा, त्याने सीमापार षटकार म्हणून धाडला. पुढच्या वर्षी 1,164 धावा, शंभर चेंडूंमागे 187 च्या गतीने. चुका करण्याची दहा वर्षे रणजीत आणि आयपीएलमध्ये खर्ची पडली होती, म्हणून भारताच्या खात्यात फळ तेवढे दिसले. त्यात जादू नव्हती, याचा पुरावाही त्याच्याच खात्यात आहे: एकदिवसीय सामन्यांत 37 लढतींनंतर सरासरी 25 च्या घरात.

सप्टेंबरची रेघ

मग माणूस उशिरा का येतो? एक कारण जन्मतारखेत दडलेले आहे. कॅनडात लहान वयोगटांची विभागणी 1 जानेवारीच्या रेघेवर होते. लेथब्रिजला एका सामन्यात बसलेले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांच्या पत्नी पॉला यांनी कार्यक्रमपत्रिकेतल्या जन्मतारखा वाचल्या आणि त्यांना जिकडेतिकडे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च दिसू लागले. 1985 मध्ये बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी हे शास्त्रीय लेखात मांडले. वरच्या पातळीवरच्या मुलांत साधारण 40 टक्के पहिल्या तिमाहीतले, शेवटच्या तिमाहीतले जेमतेम 10 टक्के. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची आणि ताकदीत सरळ सरळ वरचढपणा. प्रशिक्षक त्याला गुणवत्ता समजतो, जास्त वेळ देतो, आणि ती समजूत पुढे खरी होत जाते.

या गोष्टीचा दुसरा भाग 2013 मध्ये समोर आला. रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी 1980 ते 2006 मध्ये एनएचएल संघांनी निवडलेले कॅनेडियन खेळाडू तपासले. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांना त्यांच्या लायकीपेक्षा चाळीसहून अधिक क्रमांक खाली निवडले गेले होते. तरीही 400 सामने किंवा 200 गुणांचा टप्पा गाठण्याची त्यांची शक्यता पहिल्या तिमाहीतल्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. गाळणीतून निसटून जे टिकले, ते अधिक पक्के होते.

भारतीय क्रिकेटमध्ये ही रेघ 1 सप्टेंबरला आहे. त्या हिशेबाने शॉ 9 नोव्हेंबरचा, शार्दूल 16 ऑक्टोबरचा आणि सूर्यकुमार 14 सप्टेंबरचा. तिघेही फायद्याच्या तिमाहीत! म्हणजे एकट्यादुकट्याची तारीख काढून काहीही सिद्ध होत नाही. हा परिणाम शेकडो मुलांच्या गर्दीतच दिसतो.

शार्दूलच्या वाटेत तारीख आडवी आली नव्हती, अंतर आले होते. पालघर ते चर्चगेट नव्वदेक किलोमीटर, आणि डहाणूपर्यंतची लोकल सुरू झाली ती 2013 च्या एप्रिलमध्ये. त्याच्या शाळकरी वयात विरारपुढे शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या वेळा बघून सराव ठरवावा लागे. 2006 मध्ये बोरिवलीच्या शाळेकडून हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेत त्याने एका षटकात सहा षटकार मारले, ते प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीत आणून आपल्या घरी ठेवून घेतल्यावर. शॉही वडिलांबरोबर विरारहून वांद्र्यापर्यंत सरावाला जात असे. हॅरिस शिल्डमध्ये 2013 साली आझाद मैदानावर केलेल्या 546 धावा सर्वांना पाठ आहेत. त्यामागचा प्रवास कुठल्याच धावफलकावर नसतो.

रकाने वाढवा

उशीर होण्याचे आणखी एक कारण शरीराच्या वाढीत असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात, पण सगळे एकाच वेळी नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. हे क्रिकेट मंडळाला ठाऊक आहे, कारण 16 वर्षांखालील मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय तपासले जाते. हेतू वय चोरणारे पकडण्याचा. त्याच माहितीतून वाढीला उशीर झालेली मुलेही ओळखता येतील. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीगच्या फुटबॉल अकादम्यांनी शारीरिक वाढीनुसार गट पाडून सामने खेळवून पाहिले आहेत.

याहून स्वस्त उपाय नेदरलँड्सचा आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फुटबॉलच्या निवडकर्त्यांना मुलांच्या जन्मतारखा सांगितल्या, तरी मोठ्या मुलांकडचा कल हटेना. मग जर्सीचे क्रमांक वयाच्या क्रमाने दिले आणि ते निवडकर्त्यांना सांगितले. तेव्हा कल नाहीसा झाला. कागदावरची तारीख विसरली जाते. पाठीवरचा आकडा खेळ चालू असताना समोर राहतो. वसई-विरारच्या कुठल्याही निवड चाचणीत हे उद्या करता येईल. खर्च शून्य.

आर्ने ग्युलिश आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या अभ्यासांची एकत्र छाननी केली, त्यात 772 जागतिक दर्जाचे. सर्वोत्तम कुमार खेळाडूंनी लवकर सुरुवात करून एकाच खेळाला वाहून घेतलेले असते; प्रौढपणी जगात वर पोहोचलेल्यांनी लहानपणी अनेक खेळ खेळलेले असतात आणि त्यांची सुरुवातीची प्रगती राष्ट्रीय दर्जाच्या खेळाडूंपेक्षा संथ असते.

पण संथ चालणाऱ्याला चालायला पायरी हवी. सेंट लुईला दुय्यम लीग होती. मुंबईच्या प्रवीण तांबेला कांगा लीग आणि टाइम्स शिल्ड होते. वर्षानुवर्षे क्लब आणि कार्यालयांचे क्रिकेट खेळत राहिलेला हा माणूस एकही प्रथम श्रेणी सामना न खेळता 2013 मध्ये 41 व्या वर्षी आयपीएलमध्ये उतरला, त्याच वर्षी ट्वेंटी-20 क्रिकेटच्या चॅम्पियन्स लीगमध्ये सर्वाधिक 12 बळी घेतले आणि त्यानंतर मुंबईकडून रणजी खेळला. वसई-विरारमध्ये टेनिस बॉलच्या स्पर्धा हिवाळाभर रंगतात, पण सोळाव्या वर्षी गळलेल्या मुलाला सीझन बॉल धरून ठेवायचा तर अजून बहुधा गाडीच पकडावी लागते. इथे मोठ्या मुलांची, नियमित चालणारी सीझन बॉलची लीग उभी राहिली, तर उशिरा येणाऱ्यांसाठी ती कुठल्याही गुणवत्ता-शोध मोहिमेपेक्षा जास्त काम करेल.

आणि लवकर आलेल्यांचाही हिशेब घाईने मिटवू नये. मुंबई सोडून महाराष्ट्राकडे गेलेल्या शॉने 2025 च्या ऑक्टोबरमध्ये चंडीगडविरुद्ध रणजी द्विशतक केले, तेव्हा तो 25 वर्षांचा होता. पहिली कसोटी खेळणाऱ्या हसीपेक्षा पाच वर्षांनी लहान. निवड समितीच्या तक्त्यात नावापुढे धावा आणि सरासरी असते. त्याशेजारी आणखी तीन रकाने हवेत: डाव किती, जन्ममहिना कोणता, आणि मुलगा मैदानावर येतो कुठून.